साठ जणांची साक्ष

पाइनच्या सालीचा अर्क कशाकशावर चालतो हे विचारू नका, दुपार जाईल. कशावर चालत नाही ते विचारा. ती यादी जवळजवळ कोरी आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा, गुडघे, पायांच्या फुगलेल्या शिरा, गालांवरचे वांग, कानात सतत वाजणारी शिट्टी, पाळीतली पोटदुखी, मुलांचा चंचलपणा, नवरेमंडळींची ती न सांगायची अडचण, आणि परदेशातून आल्यावर भरदिवसा येणारी झोप. एका घरात एवढं सगळं असेल तर तिथे डॉक्टर बोलावून भागणार नाही, दवाखानाच काढावा लागेल. बाटली विकणाऱ्यांच्या मते मात्र एक तपकिरी गोळी पुरते. न्याहारीनंतर घ्यायची.

बाटलीतलं झाड आपल्याकडचं नाही. अलिबाग-दापोलीच्या किनाऱ्यावर जे सुरूचं बन दिसतं त्याचा पाइनशी संबंध पानांच्या दिसण्यापुरता. हे झाड आहे नैऋत्य फ्रान्समधल्या लांद प्रदेशातलं, अटलांटिकच्या काठचं. दीडदोनशे वर्षांपूर्वी तिथे दलदल आणि वाळू होती. मेंढपाळ पायांना उंच काठ्या बांधून चालायचे, म्हणजे चिखलही टाळता यायचा आणि लांबवरची मेंढरंही दिसायची. १८५७ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने कायदा केला: पाणी काढा आणि झाडं लावा. आज तिथे साधारण दहा लाख हेक्टरांवर जंगल आहे, सरळ रांगांत उभं, कवायतीला आल्यासारखं. लाकडाला गिऱ्हाईक होतं. चिकातून टर्पेंटाइन निघायचं, त्यालाही होतं. साल तेवढी उरायची. ती भट्टीत जायची, नाहीतर बागेतल्या मातीवर पसरायची. ती जाळण्यापेक्षा माणसांना गिळायला दिली तर भाव बरा येतो, हे नंतर उमगलं.

उमगलं ते बोर्दो विद्यापीठातल्या झाक मास्केलिए या संशोधकाच्या कामातून. गंमत अशी की त्यांची सुरुवात पाइनपासून झालीच नव्हती. १९४० च्या दशकात ते शेंगदाण्याच्या लाल सालीवर काम करत होते. तीच साल, जी आपल्याकडे कूट करण्याआधी दाणे चोळून, सुपात पाखडून, फुंकर मारून अंगणात उडवून देतात. त्या सालीतून त्यांनी तुरट चवीची काही द्रव्यं वेगळी केली. प्रोसायनिडिन हे या द्रव्यांच्या घराण्याचं नाव. पुढे हीच मंडळी पाइनच्या सालीत भरपूर सापडली. १९८७ मध्ये अमेरिकेत मास्केलिए यांना पेटंट मिळालं, शरीरातल्या ‘फ्री रॅडिकल्स’ना आवर घालण्याच्या उपयोगासाठी. पिक्नोजिनॉल या नावाखाली अर्क जगभर गेला. मग त्या नावावर हक्क कोणाचा यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. साल फुकटची होती, नाव नव्हतं.

दाण्याच्या सालीचं पुढे काय झालं? काही नाही. ती अजून आपल्या अंगणात उडते. तिच्यामागे दहा लाख हेक्टरांचं जंगल नव्हतं आणि कथाही नव्हती.

पाइनकडे कथा आहे, आणि फर्मास आहे. १५३५ च्या हिवाळ्यात झाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी कॅनडात सेंट लॉरेन्स नदीत अडकला. जहाजं बर्फात रुतली. माणसांच्या हिरड्या कुजू लागल्या, पाय सुजून काळे पडले. स्कर्व्ही. शंभरावर माणसांतली पंचवीस मेली, धडधाकट अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. तेव्हा दोमागाया नावाच्या तिथल्या रहिवाशाने एक झाड दाखवलं. पानं आणि साल उकळून काढा प्या, चोथा सुजलेल्या पायांवर लावा. आठवडाभरात एक अख्खं झाड संपलं आणि माणसं उठून बसली.

सालीच्या अर्काच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट हटकून सापडते, पण दोन ठिकाणी कात्री लावून. पहिली कात्री: ते झाड नेमकं कोणतं यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. पाइनपेक्षा थुजा किंवा फर यांची नावं जास्त घेतली जातात. लांदचं पाइन तर ते नव्हतंच, कारण ते कॅनडात उगवत नाही. शिवाय स्कर्व्ही बरा होतो तो क जीवनसत्त्वाने, जे त्या हिरव्या पानांत होतं. प्रोसायनिडिन पोतंभर खाल्लं तरी स्कर्व्ही हटणार नाही. दुसरी कात्री: वसंत ऋतूत बर्फ वितळल्यावर कार्तिएने त्या दोमागायाला, त्याच्या बापाला आणि आणखी काही जणांना पकडून फ्रान्सला नेलं. त्यांतलं कोणीच परत आलं नाही. औषध सांगणाऱ्याची फी अशी चुकती झाली. माहितीपत्रकात एवढी जागा नसते, हे समजण्यासारखं आहे.

आता थट्टा बाजूला ठेवून अर्काच्या पदरात पडेल ते टाकू. हा अर्क म्हणजे रंगीत पाणी नाही. त्यात साधारण पासष्ट ते पंचाहत्तर टक्के प्रोसायनिडिन असतं, आणि हे प्रमाण सांभाळून तो बनवता येतो. प्रयोगशाळेत तो रक्तवाहिन्यांच्या पेशींवर परिणाम दाखवतो. रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांचं (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटणंही कमी करतो. प्रोसायनिडिनचे मोठे रेणू आतड्यातून जसेच्या तसे रक्तात शिरत नाहीत, पण आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात सापडतात. म्हणजे काहीतरी घडतं, यात वाद नाही. पण परीक्षानळीत घडणं आणि काकूंच्या गुडघ्यात घडणं या दोन गावांमध्ये मोठा घाट आहे. तो घाट चढायचा तर माणसांवर नीट चाचण्या लागतात. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला अर्क द्यायचा, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी द्यायची, आणि कोणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत कोणालाच कळू द्यायचं नाही.

अशा चाचण्या झाल्या आहेत. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या गोळा करून त्यांची उलटतपासणी करते. पाइनच्या सालीवरचा त्यांचा आढावा आधी २०१२ मध्ये आला आणि २०२० मध्ये सुधारून आला. त्यात २७ चाचण्या, १० जुनाट विकार आणि सगळे मिळून १६४१ माणसं. भागाकार करा. एका चाचणीला सरासरी साठ-एकसष्ट माणसं आली. म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी एका एसटीत, दांड्याला लटकणारे धरून, जेवढी मावतात तेवढी. दम्याच्या दोन चाचण्यांत मिळून ८६ माणसं, पायांच्या शिरांच्या दोन चाचण्यांत ६०, हाडं ठिसूळ होऊ लागण्यावरच्या एकमेव चाचणीत ४४. बऱ्याचशा चाचण्या काही आठवड्यांत संपल्या, सहा महिन्यांपलीकडे एकही गेली नाही. आढावा घेणाऱ्यांचा निष्कर्ष: चाचण्या लहान आहेत, प्रत्येक विकाराला मोजक्याच आल्या आहेत, मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे ठाम काही सांगता येत नाही.

‘ठाम सांगता येत नाही’ हे वाक्य मोठं सोशीक आहे. ‘उपयोग नाही’ असं ते म्हणत नाही, त्यामुळे दुकानदार खूश. ‘उपयोग आहे’ असंही म्हणत नाही, त्यामुळे डॉक्टर खूश. गिऱ्हाइकाला कोणी विचारलेलंच नसतं.

या लहान चाचण्यांची एक खोड सांगतो. मुलांच्या चंचलपणावर २००६ मध्ये स्लोव्हाकियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ६१ मुलं, एक महिना, आणि निकाल अर्काच्या बाजूने. जाहिरातीत ही चाचणी असतेच. त्याआधी २००२ मध्ये हीच तक्रार असलेल्या मोठ्या माणसांवरची एक चाचणी आली होती. तिच्यात अर्क आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. ही जाहिरातीत नसते. पण खरी मजा पुढे आहे. त्याच चाचणीत या विकारावरचं मान्यताप्राप्त औषध मेथिलफेनिडेटही खोट्या गोळीला हरवू शकलं नाही. म्हणजे चाचणीच इतकी लहान की तिला चालणारं औषधसुद्धा ओळखता आलं नाही. अशा चाचणीत हरल्याचं दुःख मानायचं कारण नाही. मग तेवढ्याच चाचणीत जिंकल्याचे पेढे तरी कशाला?

जरा मोठी चाचणी केली की काय होतं? २०१० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १३० माणसं घेतली. वजन जास्त, रक्तदाब किंचित चढलेला, म्हणजे बाटलीचं अगदी ठरलेलं गिऱ्हाईक. निम्म्यांना १२ आठवडे रोज २०० मिलिग्रॅम अर्क दिला. त्याच फ्रेंच सालीचा, पण जपानी कंपनीचा. रक्तदाब होता तिथेच राहिला. हृदयविकाराच्या धोक्याची बाकीची मापंही हलली नाहीत. विक्रेत्यांकडे याचं उत्तर तयार असतं: तो आमचा अर्क नव्हे. कबूल. पण अर्क बदलला की निकाल बदलतो असं म्हणायचं, आणि सालीची थोरवी सांगताना मात्र कार्तिएच्या भलत्याच झाडापर्यंत मागे जायचं. हा हिशोब दोन वह्यांत ठेवला तरच जुळतो.

दोन वह्यांचा हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो तो सुरक्षिततेच्या बाबतीत, आणि आजच्या सदराचा मुद्दा तोच आहे.

विक्रेता म्हणतो: साठ जणांना फायदा झाला, पुरावा भक्कम आहे. तोच पुढे म्हणतो: साठ जणांत कोणालाही गंभीर त्रास झाला नाही, गोळी निर्धोक आहे. दोन्हीकडे साक्षीदार तेच साठ. त्या साठांना नेमकं किती दिसू शकतं, याचं साधं गणित संख्याशास्त्रात आहे. साठ जणांत एकालाही अपाय झाला नाही, तर खात्रीने एवढंच म्हणता येतं की अपायाचं प्रमाण बहुधा वीसात एकापेक्षा जास्त नसेल. वीसात एक! हजारात एकाला होणारा रक्तस्राव किंवा पाच हजारांत एकाच्या यकृताला बसणारा धक्का या साठांच्या डोळ्यांसमोरून जाणारच नाही. साक्षीदार खोटं बोलत नाही, त्याला लांबचं दिसत नाही.

लांबचं दिसायला किती माणसं लागतात? फिनलंडचं उदाहरण घ्या. बीटा कॅरोटीन म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य. तेही नैसर्गिक, तेही अँटिऑक्सिडंट (म्हणजे फ्री रॅडिकल्सना आवर घालणारं), आणि त्याचं कौतुक सालीपेक्षा कितीतरी जास्त होतं. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष निवडून त्यांना पाच ते आठ वर्षं गोळ्या दिल्या. फुप्फुसाचा कर्करोग टळावा म्हणून. १९९४ मध्ये निकाल लागला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हेच साठ जणांवर तीन महिने करून पाहिलं असतं तर? बीटा कॅरोटीन निर्धोक ठरलं असतं, आणि वर दोन जणांची त्वचाही उजळली असती.

साल तसा अपाय करते असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. निरोगी माणसाने रोज ५० ते २०० मिलिग्रॅम काही महिने घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. काहींचं पोट बिघडतं, डोकं दुखतं, गरगरतं, तोंड येतं. एवढ्यावर भागत असेल तर हौसेला मोल नाही म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण ही बाटली निरोगी माणसाच्या कपाटात फार कमी वेळा सापडते. ती असते साठीपुढच्या माणसाच्या उशाशी, शुगर, प्रेशर आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांच्या रांगेत. न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने बॅगेतून काढून दिलेली.

आणि मग दवाखान्यात हा संवाद होतो.

‘‘काकू, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’’

‘‘एक शुगरची, एक प्रेशरची आणि ती रक्त पातळ करायची. बाकी काही नाही हो डॉक्टर.’’

‘‘आणखी काही? आयुर्वेदिक वगैरे?’’

‘‘छे! भाच्याने आणलंय ते एक आहे, पण ते काही औषध नाही. नॅचरल आहे.’’

गुडघा दुखतो तेव्हा ते औषध असतं, डॉक्टर विचारतात तेव्हा नसतं. एवढी सोयिस्कर गोळी ॲलोपॅथीला अजून जमलेली नाही. आणि नॅचरल तर दारातली कण्हेरही आहे.

डॉक्टरांनी त्या ‘एक आहे’बद्दल का विचारावं, याची कारणं साधी आहेत. हा अर्क बिंबिकांचं चिकटणं कमी करत असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तो त्याच दिशेने जोर लावणार. साखर उतरवत असेल, तर शुगरच्या गोळीबरोबर ती जास्त उतरू शकते. प्रतिकारशक्तीला चेतवत असेल, तर संधिवातासारख्या विकारात, जिथे ती शक्ती आपल्याच सांध्यांवर उठलेली असते, तो नको. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला तर मुळीच नको, कारण त्याची औषधं तीच शक्ती दाबून ठेवायला दिलेली असतात. शस्त्रक्रियेच्या दोनेक आठवडे आधी बंद करावा असं सांगतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना लांब राहावं, कारण तिथे साठांचीही साक्ष नाही. यांतल्या बऱ्याच शक्यता अजून कागदावरच्या आहेत, हे मान्य. पण फायद्याच्या शक्यताही त्याच कागदावरच्या आहेत. फायदा ‘होऊ शकतो’ म्हणून पैसे मोजायचे आणि अपाय ‘होऊ शकतो’ याला घाबरट म्हणायचं, हे नाही चालायचं.

कायद्याचं म्हणाल तर तो तिरक्या चालीने चालतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यापासून असल्या गोळ्या विकण्यापूर्वी त्या चालतात हे सिद्ध करावं लागत नाही. हृदयाबद्दल, सांध्यांबद्दल मोघम गोड बोलायचं आणि खाली बारीक अक्षरांत छापायचं की सरकारने हे तपासलेलं नाही, आणि हे कोणत्याही आजाराचं निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. आपल्याकडे हा माल अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या हद्दीत येतो, म्हणजे कायद्याने तो खाद्यपदार्थ. २०१६ च्या नियमांनुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना ठळक छापावी लागते. मग बाटलीच्या दर्शनी भागावर गुडघ्याचं चित्र आणि कडेला ही सूचना, असे शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. कंपनीने खरं काय ते लिहिलेलंच असतं. आपण चष्मा लावून मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतो. कितीतरी पट महागाची बाटली मात्र विश्वासावर.

‘‘मग गावच्या वैदूने बाभळीची साल दिली की तुम्ही नाक मुरडता, आणि फ्रान्सची साल आली की चर्चा करता,’’ असं कोणीतरी म्हणेलच. बरोबर आहे. दोघांना एकच प्रश्न विचारावा: किती जणांना दिली, किती दिवस दिली, आणि ज्यांना दिली नाही त्यांचं काय झालं? वैदू निदान पहिल्या प्रश्नावर ओशाळतो. बाटलीवाला शेकडो शोधनिबंधांचा गठ्ठा पुढे करतो. गठ्ठा उघडला की त्यात पुष्कळसे छोटे अभ्यास निघतात, बरेच खोट्या गोळीशी तुलना न करता केलेले, आणि कित्येकांत अर्क पुरवणारी कंपनी कुठे ना कुठे हजर. संशोधनाला पैसा लागतो, कंपनीने दिला यात पाप नाही. पण पेटंटला चाळीस वर्षं होत आली. एवढ्या काळात गोळी अकरा तक्रारींवर जाऊन पोचली. त्यांपैकी एकीवर, गुडघ्यावर म्हणा किंवा पायांच्या शिरांवर म्हणा, चार-पाच हजार माणसांची आणि दोन-तीन वर्षांची चाचणी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा, असं कोणाला वाटलेलं दिसत नाही. वाटेल तरी कशाला? साठांच्या साक्षीवर जो खटला रोज जिंकता येतो, त्यात नवे साक्षीदार बोलावणारा वकील वेडाच म्हणायचा.

आणि माणसं मिळत नाहीत असंही नाही. जगभर लाखो माणसं रोज न्याहारीनंतर ही गोळी घेत आहेत. डॉक्टर सांगून थकले तरी रक्तदाबाच्या गोळीत खाडे होतात, हिच्यात होत नाहीत. इतके शिस्तीचे स्वयंसेवक फिनलंडलाही मिळाले नसतील. म्हणजे मोठी चाचणी सुरूच आहे म्हणा ना! तिच्यात खोटी गोळी कोणाला दिलेली नाही, नोंदवही कोणाकडे नाही, निकालाची तारीख ठरलेली नाही, आणि ज्यांच्यावर ती चालू आहे तेच दर महिन्याला तिचा खर्च भरत आहेत.